जयाक्कांचा डबा

जयाक्कांनी किडनी दिली खरी, पण ती तृप्तीची कधी झालीच नाही. तृप्तीच्या पोटात राहून ती तृप्तीचंच रक्त गाळत होती. बोलण्यात मात्र ती कायम "माझी किडनी"च राहिली. "माझ्या किडनीला आज पाणी पाजलंस काय?" "लोणचं कशाला घेतेस गं? माझी किडनी काय दगडाची आहे?" भर पंगतीत, चार बायकांच्या देखत असं विचारायला जयाक्कांना काही वाटत नसे. तृप्ती हसून लोणचं पानाच्या कडेला सारायची. दुसरं करणार तरी काय? ज्या बाईनं स्वतःचं पोट कापून घेऊन आपल्याला जगवलं, तिला "तुमचं तुम्ही बघा" असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

जयाक्का म्हणजे तृप्तीच्या नवऱ्याची, अजितची, थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नव्हतं. जन्मभर शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त झाल्यावर शिट्टी सुटली, आवाज मात्र सुटला नाही. मिरजेत दोघींची घरं समोरासमोर, मध्ये एक बोळ. त्या बोळातून पितळी कडीचा एक स्टीलचा डबा कित्येक वर्षं ये-जा करत होता. आक्का खपली गव्हाची खीर पाठवायच्या, कवठाची चटणी पाठवायच्या, संक्रांत आली की तिळाच्या वड्या. आणि दोन दिवसांच्या आत तृप्तीकडून डबा परत जायचा, तोही भरून. शेजारचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, असं तिच्या आईनं तिला बजावलं होतं. तृप्ती यात एकदाही चुकली नाही. किडनी बसवून घरी आली, तोंडाला मास्क लावून पलंगावर पडून होती, तेव्हासुद्धा तिनं अजितला हाक मारून डब्यात खडीसाखर घालायला लावली होती.

तासगाव रस्त्यावरच्या बेदाण्याच्या शीतगृहात तृप्ती प्रतवारीचं काम बघायची. तिथं यंत्रच दाणे निवडतं. खराब दाणा दिसला की हवेचा फुत्कार सोडून त्याला उडवून देतं. यंत्राकडून काय निसटतं ते बघत तृप्ती पडद्यासमोर बसायची. तिची नजर पक्की होती. पण डाव्या स्तनातली गाठ मात्र तिच्या हाताला उशिरा लागली, आणि कळली तोवर तिचा एक बारीक ठिपका फुप्फुसावर उमटला होता. हार्मोनच्या औषधांना दाद न देणाऱ्या जातीची गाठ होती ती. केमोनं केस गेले, चव गेली, गाठ मात्र जागची हलली नाही.

"आता तुमचं अंगण लावून बघू," डॉ. समीना बागवान म्हणाल्या.

समीना मिरजेतल्याच. शिकायला लांब गेल्या आणि गावातली माणसं हसली तरी परत आल्या. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत त्यांची प्रयोगशाळा होती. अंगण म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी काचेची पट्टी. तिच्यात केसाहून बारीक नाल्या कोरलेल्या. एका खणात तृप्तीच्या गाठीचा मोहरीएवढा जिवंत तुकडा ठेवलेला आणि नाल्यांतून तिचंच रक्त संथपणे वाहत असलेलं. वर कॅमेरा, आणि प्रत्येक पेशी ओळखून तिला रंग देणारा संगणक. पूर्वी गाठीच्या पोटात काय चाललंय ते मेलेल्या पेशींच्या कापावरून ताडावं लागायचं. आता ते जिवंत दिसत होतं आणि औषध माणसाला टोचण्याआधी अंगणात सोडून बघता येत होतं.

तृप्ती पडद्यासमोर बसली. पडद्यासमोर बसायची तिला सवयच होती.

"जांभळ्या आहेत त्या कर्कपेशी," समीना सांगू लागल्या. "हिरव्या आहेत त्या तुमच्या पहारेकरी पेशी. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर एक खूण असते. ती तपासायची आणि परकी वाटली तर त्या पेशीला मारायचं, एवढं यांचं काम."

"मग मारत का नाहीत? नुसत्या बसल्यात की."

खरंच, हिरवे ठिपके जांभळ्यांना टेकून बसले होते. दुपारच्या जेवणानंतर शीतगृहातला वॉचमन बसतो, तसे.

"पहारेकरी पेशीला एक ब्रेक असतो. तो असावाच लागतो, नाहीतर ती चांगल्या पेशींनाही मारत सुटेल. कर्कपेशी काय करते, आपल्या अंगावर एक प्रथिन तयार करते आणि ते नेमकं त्या ब्रेकवर नेऊन दाबते. पहारेकरी जागेवर थंड." समीनांनी बोट पुढं नेलं. "आणि या पिवळ्या बघा. या सफाई करणाऱ्या. जखम झाली की धावत येतात, घाण खातात, नव्या रक्तवाहिन्या यायला मदत करतात. गाठ सारखी जखमेसारख्या हाका मारत राहते. या येतात आणि आपण जखम भरतोय असं समजून गाठीलाच खाऊपिऊ घालतात."

"म्हणजे माझ्याच घरची माणसं तिला पोसतायत."

"हो. आणि त्यात तुमच्या किडनीच्या गोळ्या. किडनी परक्याची. पहारेकऱ्यांनी तिला मारू नये म्हणून आपणच त्यांना इतकी वर्षं गुंगीत ठेवलंय. गाठीला आयतं फावलं."

मग त्यांनी दुसरी चित्रफीत लावली. या वेळी अंगणात गोळ्यांचा अंश नव्हता आणि ब्रेक सोडवणारं औषध घातलेलं होतं. हिरवे ठिपके आधी थरथरले, मग हलले, मग एकेका जांभळ्या पेशीला चिकटू लागले. चिकटले की ती पेशी फुगायची आणि फुटायची. तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत त्या गाठीला कुणी हात लावलेला ती पहिल्यांदाच बघत होती.

"थांबा, पुढचं बघा," समीना म्हणाल्या.

शेजारच्या खणात सुईनं काढलेला किडनीचा कण ठेवला होता. जांभळ्या पेशी विरळ झाल्यावर हिरव्या तिकडे वळल्या. तिथंही त्यांनी तेच केलं, तितक्याच मन लावून.

"औषध दिलं तर किडनी काही आठवड्यांत जाईल. मग डायलिसिस. आणि कॅन्सर असताना दुसरी किडनी बसवता येणार नाही. घरी बोला, विचार करा."

"विचार कसला? द्या औषध," तृप्ती म्हणाली.

ते इतक्या चटकन तोंडातून गेलं की समीनांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सोमवारची तारीख ठरली. जिना उतरताना तृप्तीला छातीत काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं आणि ते काय आहे हे कळताच तिनं कठडा धरला. ती सुटका होती. किडनी गेली की "माझी किडनी"ही जाणार होती. पंगतीतले प्रश्न, पाण्याचे पेले, ते न फिटणारं देणं, सगळंच संपणार होतं. आपण किती कृतघ्न बाई आहोत, असं तिला वाटलं. तरीही ते हलकेपण काही गेलं नाही.

घरी आल्यावर तिनं अजितला सगळं सांगितलं. त्या एका गोष्टीखेरीज.

"आक्कांना सांगायचं नाही," ती म्हणाली. "किडनी गेल्यावर सांगू. तेव्हा आपोआप गेली म्हणू."

अजितनं चहाचा कप खाली ठेवला. बहीण आणि बायको यांच्या मधल्या बोळात त्याचं आयुष्य गेलं होतं. "तृप्ती, तिची किडनी आहे ती. तिला न विचारता..."

"तुम्हीसुद्धा?" तृप्ती ओरडली. "तुम्हीसुद्धा तिचीच म्हणता? मग माझं काय आहे या अंगात? कॅन्सर तेवढा माझा?"

अजित उठून तिच्याजवळ बसला आणि तिच्या बिनकेसांच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला. मग ती रडली.

संध्याकाळी आक्का डबा घेऊन हजर. आत मऊ मुगाची खिचडी. केमोनंतर तृप्तीला तेवढीच जात होती, हे त्यांना कुणी न सांगता ठाऊक होतं.

"काय म्हणाली बागवानांची पोरगी?"

"सोमवारपासून नवीन औषध."

"माझ्या किडनीला चालतंय न्हवं ते?"

"चालतंय," तृप्ती म्हणाली. अजित उठून आत गेला.

आक्कांनी तिच्याकडे नीट पाहिलं. शाळेत खोटं पोटदुखीचं कारण सांगणाऱ्या पोरींकडे त्या तशा बघत असतील. "गरम आहे तोवर खा," एवढं म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी डबा भडंगानं भरून परत गेला.

शनिवारी सकाळी समीनांचा फोन आला. ताबडतोब या.

त्यांचे डोळे लाल होते आणि तरी त्या खुशीत दिसत होत्या. "माझी एक चूक झाली होती. नमुना घेताना कधी कधी दुसऱ्याच्या पेशी त्यात मिसळतात. म्हणून परक्या पेशी दिसल्या की त्या कचरा समजून वगळायच्या, असं मी संगणकाला सांगून ठेवलंय. तुमच्या बाबतीत तो बऱ्याच पेशी वगळत होता. मला वाटलं, नमुना खराब झाला. पुन्हा घेतला, तरी तेच. मग मी त्याला म्हटलं, वगळू नकोस, दाखव."

पडद्यावर तेच अंगण होतं. जांभळ्या, पिवळ्या, पेंगणाऱ्या हिरव्या. आणि त्यांच्यात इथं-तिथं फिरणारे निळे ठिपके. ते बसलेले नव्हते. एक निळा ठिपका जांभळ्या पेशीला भिडला, बाजूला झाला, पुन्हा भिडला. ती पेशी फुटली.

"या कुणाच्या?"

"तुमच्या नणंदेच्या."

तृप्तीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"किडनी एकटी येत नाही, तृप्तीताई. तिच्यात देणाऱ्याच्या काही पहारेकरी पेशी असतात. बहुतेक पेशंटमध्ये त्या लवकरच मरतात. तुमच्यात थोड्या टिकल्या. इतकी वर्षं तुमच्या अंगात राहून त्या तुम्हाला सरावल्या, तुम्हाला त्रास देत नाहीत. किडनी तर त्यांचं माहेर, तिलाही हात लावत नाहीत. आणि गोळ्यांच्या गुंगीतच वाढल्या म्हणून त्यांना ती चढत नाही. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांना शिंका येत नाहीत ना, तसं. त्यांना परकी वाटते ती फक्त गाठ."

"मग त्याच वाढवा की."

"इथल्या थोड्या आहेत आणि दमल्यात. आता त्यांची वाढ होत नाही. पण त्याच कुळीच्या ताज्या पेशी जयाक्कांच्या रक्तात असणार. त्यांचं रक्त यंत्रातून फिरवून त्या वेचायच्या, इथं अंगणात तुमच्या पेशींबरोबर, त्याच गोळ्यांच्या गुंगीत वाढवायच्या, तुमच्याशी भांडतील त्या काढून टाकायच्या आणि उरलेल्या तुम्हाला द्यायच्या. अजून कुणी केलेलं नाही. एखादी भांडखोर पेशी निसटलीच तर तुमच्या कातडीला, आतड्यांना त्रास होईल. यश येईलच असंही मी सांगत नाही. पण जमलं तर गाठ जाईल आणि किडनी राहील. त्यांना काही वेळा इथं येऊन तासन्‌तास पडून राहावं लागेल. विचाराल?"

"नाही," तृप्ती म्हणाली.

समीनांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकदा मागितलं ते पुरे झालं, डॉक्टर. तेच अजून फिटलं नाही. आता पुन्हा जाऊन हात पसरू? सोमवारी तुमचं ते औषधच द्या."

"त्यात किडनी नक्की जाते. आणि डायलिसिसवर, या अंगानं, तुम्ही किती..." समीनांनी वाक्य तिथंच सोडलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या गाठीत सगळे झोपलेत. जागं एकच माणूस आहे. एवढं फक्त लक्षात घ्या."

हे शब्द तृप्तीच्या डोक्यातून जाईनात. दुपारभर ती घरात या खोलीतून त्या खोलीत फिरली. कित्येक वर्षं, लोणचं खाताना, कामावर पडद्यासमोर बसलेली असताना, मनातल्या मनात आक्कांना शिव्या देतानासुद्धा, आक्का तिच्या आत हिंडत होत्या. आणि त्यातलं काही तिनं मागितलेलं नव्हतं. ते किडनीबरोबर आलं होतं, कुणालाही न कळता.

संध्याकाळी ती बोळ ओलांडून गेली. हातात बेसनाचे लाडू होते. मोकळ्या हातानं त्या घरात जायचं तिला सुचलंही नव्हतं.

आक्का पायरीवर बसून पावटे सोलत होत्या. "ये. बस. सोमवारच्या औषधानं माझी किडनी जाणार, ते सांगायला आलीस काय?"

तृप्ती उभीच राहिली. "यांनी सांगितलं?"

"अजितला खोटं बोलता येत नाही आणि लपवताही येत नाही. काल येऊन तासभर नुसता बसला, किडनीचं नाव काढलं की नजर चुकवायचा. मग मी फोन करून बागवानांच्या पोरीला विचारलं. ती काही सांगेना. तेव्हाच कळलं."

तृप्ती पायरीवर बसली. लाडवांचं ताट मांडीवर तसंच राहिलं. मग तिनं सगळं सांगितलं. जांभळ्या, हिरव्या, निळ्या पेशी, काय हवंय, काय होऊ शकतं. आणि ते झाल्यावर, जे सांगायचं ठरवलं नव्हतं तेही सांगितलं. "किडनी जाणार म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, आक्का. तुमच्या उपकारातून सुटल्यासारखं. मी अशी आहे. आता तुम्ही ठरवा, द्यायचं की नाही ते."

आक्कांचे हात थांबले. तृप्तीला वाटलं, आता आवाज चढणार, अख्खा बोळ ऐकणार. पण आवाज आला तो अगदी हळू.

"तू या घरात आलीस तेव्हापासून मी तुझ्याकडं डबा पाठवते. कधी एकदा तरी तो तुझ्याकडं राहिलाय? खीर पाठवली की दोन दिवसांत चिवडा हजर. चटणी पाठवली की लाडू. दवाखान्यातून आलीस तेव्हा खडीसाखर. माझं काही तू तुझ्या घरात राहूच दिलं नाहीस गं. लगेच फेडलंस, लगेच मोकळी. मला पोर नाही, बाळ नाही. माझं कुणाकडं काही राहावं, असं मला वाटणार नाही काय?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "एक किडनी तेवढी तुला परत करता आली नाही. म्हणून मी सारखी आठवण करून द्यायची. वाईट करत होते. कळत होतं मला. तरी करायची."

इतकी वर्षं ती जे चांगल्या वळणाचं म्हणून करत आली, त्यानं समोरचं माणूस दर दोन दिवसांनी दुखावत होतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिनं आक्कांचा हात धरला. पावट्यांच्या सालींनी तो चिकट झाला होता.

"ते लाडू घरी घेऊन जा," आक्का म्हणाल्या. "आणि बागवानांच्या पोरीला सांग, उद्या येते म्हणून. रिकाम्या पोटी यायचं की खाऊन, ते विचार."

सोमवारचं औषध रद्द झालं. आक्का यंत्राला जोडलेल्या हातानं पडून राहिल्या आणि दुसऱ्या हातानं नर्सबाईंना शिस्त लावत राहिल्या. पेशी वेचल्या गेल्या, अंगणात वाढल्या, भांडखोर होत्या त्या काढल्या गेल्या. उरलेल्या एका छोट्या पिशवीतून तृप्तीच्या शिरेत गेल्या. त्यानंतर ताप आला, अंगभर पुरळ उठलं, एकदा तर समीनांनी सगळं थांबवायची तयारी केली. "माझ्याच आहेत, थोडा आरडाओरडा करणारच," आक्का म्हणाल्या आणि पलंगाशेजारच्या खुर्चीतून हलल्या नाहीत.

पुरळ ओसरलं. पुढच्या तपासणीत फुप्फुसावरचा ठिपका दिसला नाही. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. "बरं झालं असं मी म्हणणार नाही," समीना म्हणाल्या. "गाठ नवीन युक्त्या शिकते. पण आता तुमच्याकडं जागं माणूस भरपूर आहे." तृप्तीला एवढं पुरेसं होतं. पुढं काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं आणि तिला आता त्याची घाईही नव्हती.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी आक्कांकडून डबा आला. खपलीची खीर, वर वेलदोडा. तृप्तीच्या जिभेला चव परत आली होती. तिनं डबा पुसून खाल्ला आणि अजितला चमचाभरसुद्धा दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा घासला, कडी पुसली. हात आपोआप फडताळातल्या साखरेच्या बरणीकडे गेला. बरणीचं झाकण निघालंही. तिनं चिमूट भरली, डब्यावर धरली आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. आई आठवली, आईचं बजावणं आठवलं. मग तिनं साखर बरणीत परत टाकली, झाकण लावलं आणि डबा घेऊन बोळ ओलांडला.

आक्कांनी दार उघडलं. डबा हातात घेतला आणि त्याचं वजन जाणवून त्यांच्या भुवया वर गेल्या. झाकण काढून त्यांनी आत पाहिलं. चकचकीत तळाशी त्यांचाच चेहरा दिसत होता. त्यांनी तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीनं मान खाली घातली नाही.

"खीर होती का बरी?" आक्कांनी विचारलं.

"अजून आहे?"

"आहे की," आक्का म्हणाल्या आणि डबा घेऊन आत वळल्या. "ये आत. आणि आधी पाणी पी. तुझी किडनी काय दगडाची आहे?"